लक्ष्मीबाई टिळक : एकटेपणातून पुन्हा माणसांत



आपल्या वाकोल्यात माणसांची दाटी एवढी की शेजारच्या खोलीत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे भिंतीपलीकडे मोजता येते. पण त्याच भिंतीपलीकडे तीन महिन्यांचे भाडे थकले आहे, मंगळसूत्र गहाण पडले आहे, मुलाच्या फीसाठी कोणापुढे तरी हात पसरावा लागला आहे, हे मात्र वर्ष-वर्ष कळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांची रोजीरोटी गेली. काही जण सावरले, काही अजून सावरत आहेत, आणि काही कुटुंबे रविवारच्या मिस्सेला दिसेनाशी झाली. पैशाची ओढाताण माणूस कशीबशी सोसतो. चारचौघांनी विचारलेला साधा प्रश्न मात्र त्याला सोसवत नाही, म्हणून तो घरातच बसतो. अशा घरांची आठवण ठेवून या रविवारी आम्ही एका बाईची जीवनकथा सांगणार आहोत. त्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, अमेरिकन मराठी मिशनच्या होत्या. पण आपल्यातल्या अनेकांची मुळे ज्या नगर जिल्ह्यात आहेत, तिथेच त्यांचा संसार मोडला, सांधला आणि फुलला. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूर गावातल्या गोखल्यांच्या घरचा. माहेरचे नाव मनकर्णिका, म्हणजे मनू. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर परिणाम झाला आणि त्यांनी सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की घरच्या बायका-मुलांचा जीव मेटाकुटीस आला. बाजारातून आलेली वस्तू जी जी धुता येईल ती ती धुऊनच घरात घ्यायची. विटाळाच्या भीतीने मुलांनी कोणाला शिवायचे नाही, कोणाकडे जायचे नाही. म्हणजे माणसांपासून तुटून राहण्याचा धडा या मुलीला अक्षरओळखीच्या आधीच मिळाला होता. शाळेचे तोंड तर तिने पाहिलेच नाही.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. नवरा नारायण वामन टिळक. हेच पुढे रेव्हरंड टिळक, आपण ज्यांची भजने पंथाची भिंत न पाहता गात आलो ते. कवी मोठा, मन त्याहून मोठे, पण संसाराच्या दृष्टीने पाहिले तर कठीण माणूस. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण थोरांच्या चरित्रात त्यांच्या बायकांनी काय सोसले ते बहुतेक वेळा झाकून ठेवतात. टिळक एका गावी टिकत नसत, एका नोकरीत रमत नसत. मनात आले की न सांगता घरातून निघून जात, आणि मग दिवसेंदिवस पत्ता नसे. राग शिगेचा आणि प्रेमही शिगेचे. हाती पैसा आला की तो गरजूला देऊन मोकळे. घरात उद्याचे पीठ आहे की नाही, ही चिंता लक्ष्मीबाईंची. नाशिक, वणी, नागपूर, राजनांदगाव असा हा फिरता संसार चालला होता. त्यातच पोटची मुले लहानपणीच गेली. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा जगला.

एवढे असूनही लक्ष्मीबाई दुःखी, रडव्या बाई होत्या असे कोणी समजू नये. त्या भांडत, रुसत, हसत आणि हसवत. टिळकांनीच त्यांना लिहायला-वाचायला शिकवले. जोडाक्षरांशी त्यांचे कधी फारसे जमले नाही, पण ऐकलेला शब्द आणि पाहिलेला माणूस त्या विसरत नसत. हे पुढे उपयोगी पडणार होते.

१८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांना एक गोरे गृहस्थ भेटले. बोलणे झाले आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती बायबल ठेवले. टिळकांनी ते वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. पुढचे सारे आपणांस ठाऊक आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट आनंदाने सांगतो आणि ती आनंदाचीच आहे. पण त्याच दिवशी मागे राहिलेल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या बाईचे काय झाले, तिकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्या काळी ब्राह्मण घरातला पुरुष बाटला म्हणजे घरच्यांच्या लेखी तो मेला. पण तो खरोखर मेलेला नसे, आणि बायकोची पंचाईत तिथेच होती. कपाळी कुंकू आहे, पण नवऱ्याच्या पंक्तीला बसता येत नाही. सवाष्ण म्हणून कोणी हळदीकुंकवाला बोलवावे तर बोलावणाऱ्यालाच संकोच, आणि विधवा म्हणावे तर नवरा नगरला सुखरूप. मिळवता माणूस गेला, तेव्हा हातात पैसा नाही. शिक्षण नाही, म्हणून नोकरीचा प्रश्नच नाही. राहायचे ते नातेवाइकांच्या दारी. तेही नातेवाईक दयाळू असले तर. लक्ष्मीबाईंचे सुदैव असे की त्यांची बहीण भिकूताई आणि मेहुणे पेंडसे यांनी त्यांना पाठीशी घातले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपूरला त्यांच्या आश्रयाने राहिल्या. खायला मिळत होते, छप्पर होते. तरी दुसऱ्याच्या घरातले खाणे किती जड असते, हे ज्यांनी ते खाल्ले आहे त्यांनाच ठाऊक.

त्या दिवसांत लक्ष्मीबाईंची अवस्था फार वाईट होती. त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते आणि आप्तांना त्यांच्या जिवाची धास्ती वाटे. आज आपण याला मनाचा आजार म्हणू आणि डॉक्टरकडे नेऊ, आणि तसे न्यावेच. तेव्हा ते नव्हते. होती ती एक बहीण, जी प्रश्न विचारत बसली नाही. सल्ला देणारे पुष्कळ होते. आमच्या मते त्या काळातून लक्ष्मीबाई वाचल्या त्या सल्ल्यांमुळे नाहीत, तर भिकूताईंच्या घरात त्यांच्यावर कोणाचे तरी सतत लक्ष होते म्हणून. आणखी एक गोष्ट त्याच काळात घडली. मनातले कोणाशी बोलता येईना, तेव्हा त्या ओव्या-कविता रचू लागल्या. टिळक तिकडून कवितेत पत्रे लिहीत होते, इकडे ही कमी शिकलेली बाई आपले दुःख अक्षरांत मांडत होती.

इथे कायद्याची एक बाजू सांगितली पाहिजे. इंग्रज सरकारने १८६६ साली असा कायदा केला होता की धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार त्याच्याबरोबर नांदायला नकार देत असेल, तर ठरावीक मुदत आणि चौकशीनंतर न्यायालय ते लग्न मोडू शकेल. टिळकांना ती वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. ते थांबले, पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले. ज्या माणसाला आम्ही वर कठीण म्हटले, त्याच्या पदरात ही गोष्टही टाकली पाहिजे.

चार-पाच वर्षे अशी गेली. शेवटी लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे जायचे ठरवले, पण धर्म सोडून नव्हे. त्या नगरला आल्या आणि त्यांनी आपली चूल वेगळी मांडली. ख्रिस्ती माणसाच्या हातचे पाणी त्या घेत नसत. आता पाहा, एका एकटेपणातून सुटून त्या दुसऱ्यात आल्या. माहेरच्या लोकांच्या दृष्टीने त्या बाटग्याच्या घरात गेलेल्या, आणि ख्रिस्ती वस्तीत त्या कोणाला शिवत नाहीत म्हणून तिथेही परक्या. वडिलांचे ते जुने सोवळे आता त्यांच्याच गळ्यात पडले होते. मिशनच्या लोकांना हे रुचले असेल असे नाही. पण टिळकांनी जबरदस्ती केली नाही. घाई न करता बायकोला तिच्या पावलांनी चालू दिले. आपल्या घरांत मिश्रविवाह होतात, सून किंवा जावई दुसऱ्या धर्मातून येतो, तेव्हा हा धीर आपल्यात किती असतो, याचा विचार आम्ही वाचकांवर सोपवतो.

लक्ष्मीबाईंचे मन पालटले ते वादविवादाने नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता, आणि एके दिवशी त्याचे उत्तर त्यांना स्वच्छ दिसले. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. आधी पंक्ती मोडली, बाप्तिस्मा नंतर झाला. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या.

तो १९०० चा काळ कसला होता हे नगर-जालन्याकडच्या आपल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या आजी-आजोबांनी सांगितले असेल. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा आला. गावेच्या गावे उठून रस्त्याला लागली. विहिरी कोरड्या, गुरे मेलेली, आणि मागे राहिलेली अनाथ पोरे. ही पोरे नगरच्या मिशनच्या अनाथाश्रमांत येऊ लागली. आजारी, हाडांचे सापळे झालेली, खरजेने भरलेली. टिळकांनी अशा आजारी मुलांना घरी आणले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांचे केले. जी बाई काही काळापूर्वी दुसऱ्याच्या घागरीला हात लावत नव्हती, ती आता कोणाच्या कोणाच्या लेकरांना न्हाऊ-माखू घालत होती, पेज पाजत होती. त्यांची जात विचारण्याची सोयच नव्हती.

आम्हांला वाटते, लक्ष्मीबाईंचे खरे सावरणे इथे सुरू झाले. पैसा तेव्हाही नव्हता. मिशनचा पगार बेताचा आणि टिळकांचा हात सैल. तरी त्या घरात त्यांचे एकटेपण टिकू शकले नाही, कारण घरात कोणीतरी नेहमी भुकेले असे. पंढरपूरला त्या दुसऱ्याच्या दयेवर होत्या. इथे त्यांच्या हातांची कोणाला तरी गरज होती. मदत घेणारा माणूस नुसता घेतच राहिला तर आतून खचत जातो. त्यालाही काही देता आले पाहिजे. आपल्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम करणाऱ्यांना हे अनुभवाने कळलेले असते. धान्याची पिशवी पोचवून लगेच परत फिरलो, तर त्या घराचे अर्धेच काम झाले. त्या घरच्या बाईला वेदी सजवायला, आजाऱ्याच्या घरी बसायला, लहान मुलांना प्रार्थना शिकवायला बोलावले, तर उरलेले अर्धे होते.

पुढे टिळक कुटुंब राहुरीला राहिले, पुन्हा नगरला आले. नगरला प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाई छावणीत राहिल्या आणि रुग्णांची शुश्रूषा केली. घरात आल्यागेल्याचा राबता असे. याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक पोरसवदा कवी राहिला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याला बालकवी ही पदवी मिळाली तोच हा. तो हिंदूच राहिला. लक्ष्मीबाईंना तो मुलासारखा होता. त्याचे खाणे, हट्ट, विसरभोळेपण हे सगळे त्यांनी आईच्या मायेने सांभाळले. घरच्या चुलीवर कोणाकोणाचे जेवण शिजावे याचा आता त्या घरात काही नियमच राहिला नव्हता.

मग १९१७ साल आले. टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त जीवन पत्करले आणि साताऱ्याला देवाचा दरबार या नावाने नवे काम सुरू केले. ख्रिस्ताचे शिष्य भारतीय रीतीने जगावेत, पंथांच्या भिंती मधे येऊ नयेत, ही त्यामागची इच्छा. कल्पना थोर होती. पण पगार सोडणाऱ्याच्या घरात महिन्याची एक तारीख काय म्हणते, हे पाहणारी व्यक्ती पुन्हा एकदा लक्ष्मीबाईच. १९१८ साली बालकवी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही मुंबईत वारले.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. रूथच्या पुस्तकातली नामी आठवते. नवरा-मुलगे गमावून रिकाम्या हाताने बेथलेहेमला परतलेली, आणि आपल्याला नव्या नावाने हाक मारा असे गावच्या बायकांना सांगणारी. लक्ष्मीबाईंच्या हातीही फारसे काही नव्हते. टिळकांनी मागे ठेवलेली मिळकत म्हणजे कविता, भजने आणि एक अपुरे महाकाव्य, ख्रिस्तायन. प्रभू येशूचे जीवन ओवीबद्ध सांगण्याचे काम टिळकांनी आरंभले होते. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले, त्याच वाटेने पुढे गेलेले हे काम. पण थोडे अध्याय लिहून झाले आणि कवी गेला.

पण १८९५ ची लक्ष्मी आणि १९१९ च्या लक्ष्मीबाई यांत मोठा फरक होता. पहिल्या वेळी नवरा गेला तेव्हा त्यांच्याजवळ एक बहीण तेवढी होती. आता त्यांनी वाढवलेली माणसे गावोगाव होती. दुःख त्यांना तेव्हाएवढेच झाले असेल, पण घराबाहेर त्यांना ओळखणारे लोक होते आणि घरात देवदत्त, म्हणजे तो दत्तू, कर्ता झाला होता. काही काळ त्या मुंबईत राहिल्या, काही वर्षे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीत. मोठ्या शहरांतले भाड्याचे घर, नवी भाषा, उतारवय हे सगळे त्यांच्या वाट्याला आले. इंग्रजी येत नव्हते, हिशेबाची धांदल होई. या गोष्टींवर त्या स्वतःच हसत.

देवदत्ताला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईला आठवणी लिहायला लावले. त्यातून जे उभे राहिले ते स्मृतिचित्रे. १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याला आज जे स्थान आहे ते आम्ही नव्याने सांगायला नको. पुढे विजया मेहता यांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपटही केला. त्या पुस्तकाचा आम्हांला सर्वांत मोठा गुण वाटतो तो असा की त्यात कोणावर सूड नाही. सोवळ्याने छळणारे वडील, न सांगता निघून जाणारा नवरा, दारोदार फिरवणारे दारिद्र्य, सगळे जसेच्या तसे येते, आणि वाचणारा मधेच खुदकन हसतो. दारिद्र्य त्यांनी लपवले नाही आणि मिरवलेही नाही. ज्या गोष्टी माणूस शेजाऱ्यापासून दडवतो, त्या त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला सांगून टाकल्या. एवढे सांगितल्यावर लाज धरायला काही उरतच नाही. आमच्या धर्मग्रामातल्या महिला मंडळाने हे पुस्तक एखाद्या उपवासकाळात एकत्र बसून वाचावे, अशी आमची सूचना आहे. मोठ्याने वाचले तर जास्त बरे, कारण ते बोलल्यासारखेच लिहिलेले आहे.

दुसरे काम ख्रिस्तायनाचे. शाळेत न गेलेल्या, जोडाक्षरांना अडखळणाऱ्या या बाईंनी पतीचे अपुरे महाकाव्य पुढे न्यायला घेतले, आणि थोडेथोडके नव्हे, ६४ अध्याय लिहिले. पोरांचे करताना, आजारपणात, एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवताना जी भाषा कानांवर पडली होती, तिच्यातच त्यांनी नाझरेथचे घर आणि कालवारीची वाट सांगितली. पवित्र मरिया मातेचे दुःख त्यांनी लिहिले तेव्हा पोटची लेकरे गमावलेली आई लिहीत होती, हे वाचताना विसरता येत नाही.

शेवटची वर्षे नाशिकला गेली. म्हणजे जिथून मनू निघाली होती त्याच मुलखात त्या परत आल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. ख्रिस्तायनाचा अखेरचा अध्याय देवदत्तांनी लिहून पुरा केला. वडिलांनी सुरू केलेले, आईने वाढवलेले आणि मुलाने संपवलेले ते ७६ अध्यायांचे काव्य १९३८ साली छापून बाहेर आले.